नकाराचा चहा

बांधकामावर सकाळच्या पारी 'नाही' म्हणायचं नसतं. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ असतो. सिमेंटची गाडी आली नसेल तर ती 'निघालेली' असते. गवंडी घरी झोपलेला असेल तर तो 'वाटेत' असतो. आणि काम होण्याची सुतराम शक्यता नसली, तर ते 'होऊन जाईल'. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारी, बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारी आपण माणसं. स्लॅबच्या बाबतीत तरी अभद्र कशाला बोलू? कुणी धीर करून अडचण सांगितलीच, तर मुकादमापासून मालकापर्यंत सगळे त्याला 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प बसवतात. मग स्लॅब लांबतो, आणि तेव्हा मात्र शुभ-अशुभ कुणाला आठवत नाही.

शलाका देगावकरला या 'होऊन जाईल'चा मनापासून राग होता. ती स्थापत्य अभियंता, पण तिचं काम विटा-सिमेंटचं नव्हतं. 'दृढमूल' नावाच्या बांधकाम कंपनीत ती ज्ञान-संयोजक होती. कंपनीच्या प्रत्येक बांधकामावर सकाळी माणसं काहीतरी नवं शिकतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. ते गोळा करायचं, नीट लावून ठेवायचं, आणि ज्याला हवं त्याला हवं तेव्हा सापडेल असं करायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिने एक यंत्रणा उभी केली होती. तिचं नाव 'उमज'. सोलापुरात विजापूर रस्त्याला कंपनीने लहान मुलांच्या रुग्णालयाचं काम घेतलं, तेव्हा उमजची पहिली परीक्षा तिथेच घ्यायचं ठरलं. शलाका मूळची सोलापूरची, म्हणून तिलाच पाठवलं.

पहिल्या सकाळी तिने सगळ्या टोळ्यांच्या मुकादमांना एका मोठ्या फळ्यासमोर उभं केलं. फळ्याच्या माथ्यावर उमजचा छोटा ध्वनिग्राहक आणि एक दिवा.

"इथे खुर्च्या नाहीत," ती म्हणाली. "उभ्या उभ्या बोलायचं आणि कामाला लागायचं. प्रत्येकाने एवढंच सांगायचं, आपलं काम या आठवड्यात होईल की नाही. आणि हे माझ्या शब्दावर, 'नाही' म्हणणाऱ्याला इथे शिक्षा नाही."

"ह्याला काय म्हणतेत म्हणलीस, तायडे?" मागून एक भरदार आवाज आला.

"लीन पद्धत, मामा. लीन म्हणजे सडसडीत. फुकट जाणारं काही नको."

"म्हंजे हडकुळं बांधकाम म्हण की गं!"

सगळे खो खो हसले. शलाकाही हसली. हा सिद्राम बिराजदार, सेंट्रिंगच्या टोळीचा मुकादम. स्लॅब ओतण्याआधी त्याच्याखाली फळ्यांचा आणि टेकूंचा जो सांगाडा उभा करावा लागतो, तो उभा करणं हा त्याचा धंदा. शलाकाचे वडील छोटे कंत्राटदार होते आणि सिद्राम त्यांचा उजवा हात. गड्ड्याच्या जत्रेत लहानग्या शलाकाला खांद्यावर बसवून पाळण्यांपाशी नेणारा हाच. तिला सख्खा मामा नव्हता, म्हणून लग्नात अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी उभा राहिला तोही हाच. मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा, आणि आपली चूक सहसा कबूल करायचा नाही.

पहिल्या आठवड्यात कुणीही 'नाही' म्हटलं नाही. सगळ्यांचं सगळं 'होऊन जाईल'. आठवड्याच्या शेवटी निम्मंसुद्धा झालं नव्हतं.

मग शलाकाने एक युक्ती काढली. बांधकामाच्या दाराशी महानंदाबाईंची चहाची गाडी असे. शलाकाने त्यांना सांगितलं, सकाळच्या बैठकीत जो 'नाही' म्हणेल त्याला चहाचा पहिला ग्लास. मान त्याचा, मग बाकीच्यांचा.

"नाही म्हणल्याबद्दल च्या?" महानंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आमच्या घरात नाही म्हणलं की पाठीत धपाटा मिळायचा."

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर नेहमीसारखी शांतता होती. शलाकाने विचारलं, "तिसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग शुक्रवारपर्यंत?" सिद्रामने टोपी काढली, डोकं खाजवलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे आर्जव होतं ते त्याला ओळखीचं होतं. पाळण्यात बसायचा हट्ट करताना ती अशीच बघायची.

"नाही," तो म्हणाला. "होणार नाही. प्लेटा कमी हायत."

कुणीतरी चुकचुकलं. पण आकाश काही कोसळलं नाही. शलाकाने स्वतः जाऊन पहिला ग्लास आणून त्याच्या हातात दिला, आणि सगळ्यांना दिसेल असा दिला. स्लॅबखाली बसवायच्या लोखंडी प्लेटा दुसऱ्या बांधकामावर पडून होत्या, त्या दुपारी आल्या. शुक्रवारी सेंट्रिंग झालं.

त्यानंतर 'नाही' म्हणायला रीघ लागली. प्लंबर म्हणाला नाही, वायरमन म्हणाला नाही, फरशीवाले म्हणाले नाही. आणि सगळ्यांत जास्त चहा प्यायला सिद्राम. "तायडीच्या नादानं मला मधुमेह होणार बघा," असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा.

आता थोडं उमजविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. म्हणजे तिच्यामुळे असं म्हणणं सोयीचं आहे.

बांधकामात वेळ कुठे जातो? काम करण्यात कमी, वाट बघण्यात जास्त. सेंट्रिंगवाला 'होईल' म्हणतो म्हणून सळईवाला माणसं घेऊन येतो. सेंट्रिंग झालेलं नसतं, म्हणून तो बसून राहतो. तो बसला म्हणून काँक्रीटवाला बसतो. एक खोटा होकार, आणि त्याच्यामागे बसलेल्या माणसांची रांग. लीन पद्धतीचं अर्धं शहाणपण एवढंच, की दिलेला शब्द खरा असावा आणि तो मोडला तर का मोडला हे उघड सांगावं. अडचण ही, की ही कारणं हवेत विरतात. एका गावात पंपाचा पाइप कसा तुंबला आणि कसा सुटला, ते दुसऱ्या गावात कुणाला ठाऊक नसतं. उमज सकाळच्या बैठका ऐकायची, प्रत्येक कारणाची एक गाठ बांधायची, आणि शेकडो बांधकामांवरच्या अशा गाठी एकमेकींना जोडायची. कुणी नुसतं विचारलं, "पोर्चचा स्लॅब उंच आहे, काय आडवं येईल?" तर ती सांगायची, कुठे काय आडवं आलं होतं आणि कसं निभावलं.

ती आणखी एक गोष्ट शिकली. ती तिला कुणी शिकवली नव्हती. 'होईल' म्हणण्याआधी माणूस किती रेंगाळतो, श्वास कुठे घेतो, यावरून तो शब्द टिकेल की मोडेल याचा अंदाज तिला येऊ लागला. हजारो होकार ऐकले की तेवढा कान कुणाचाही तयार होईल. आपल्या आईचा नाही का होत!

रुग्णालयाचं काम झपाट्याने वर चढलं, तसे मुख्य कचेरीतून पद्मनाभ कुलथे आले. ते शलाकाचे वरिष्ठ. गोड बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी उमजला दोन-चार प्रश्न विचारले, खूश झाले, आणि निघता निघता म्हणाले, "फक्त एक कर. तुझी ही कारणं सगळी कामाखाली लावलेली आहेत. सेंट्रिंग, मग त्याखाली प्लेटा कमी, मग त्याखाली कुठे, कधी. मला ती माणसाखाली हवीत. माणसाचं नाव, मग त्याखाली त्याची कारणं."

"पण सर, प्लेटा कमी असणं हा माणसाचा गुण नाही ना. ते कामाचं कारण आहे."

"शोधायला सोपं जाईल गं. पुढच्या महिन्यात हे सगळ्या शहरांत न्यायचंय. तुझ्या नावावर. जमेल ना?"

शलाकाला त्याच क्षणी कळलं होतं. ज्ञान कुठल्या कप्प्यात ठेवलं यावरून त्याचा उपयोग ठरतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? अडचण कामाखाली ठेवली तर काम सुधारतं. तीच माणसाखाली ठेवली की माणसाच्या दोषांचा पाढा तयार होतो. तिला हे स्पष्ट म्हणता आलं असतं. तिच्या तोंडात शब्द तयारही होता.

"होऊन जाईल, सर," ती म्हणाली.

रुग्णालय ठरल्या वेळेआधी पुरं झालं. कंपनीला लगेच नव्या बसस्थानकाचं काम मिळालं. कुठल्या टोळ्या बोलवायच्या याची यादी आता उमज करू लागली होती.

यादी लागल्यावर दोनच दिवसांत सिद्राम शलाकाच्या घरी आला. हातात मामीने दिलेला शेंगापोळ्यांचा डबा.

"तायडे, तुझ्या त्या यंत्राला सांग की गं, आमचं नाव सुटलंय."

"सुटलं असेल, मामा. बघते."

"प्लंबर तवक्कलचं बी सुटलंय. फरशीवाल्यांचं बी. काय तरी गडबड झालीया. चौदा माणसं हायत माझ्यावर, म्हणून आलो. न्हाईतर तुला कशाला तरास देणार?"

तो अंगणात झोपाळ्यावर बसला, आणि शलाकाने आत जाऊन उमज उघडली. गडबड काही झालेली नव्हती. प्रत्येक नावापुढे एक आकडा होता, भरवशाचा आकडा. सिद्रामच्या नावाखाली त्याचे सगळे नकार ओळीने लावलेले होते. तिने आग्रह करून म्हणायला लावलेले, तिने ज्यांवर चहा पाजला ते सगळे. ज्यांनी रुग्णालयात तोंड उघडलं नाही, गुपचूप दुसऱ्याच्या उशिराच्या आड आपला उशीर लपवला, त्यांची पानं कोरी करकरीत होती. तीच नावं यादीत वर होती. जितका चहा जास्त, तितकं नाव खाली.

तिने यादी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. मग बाहेर आली. सिद्राम झोपाळ्याची कडी तपासत होता. "हिला तेल घाल गं, कुरकुरतीय," तो म्हणाला. त्याच्या मनात तिच्याविषयी काडीचाही संशय नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

आता सांगावं, तिने ठरवलं. मामा, तुमचं नाव सुटलेलं नाही, मी गाळलं. पण शब्द निघाले ते हे: "काळजी करू नका. होऊन जाईल."

तिच्या मनगटावरचं घड्याळ हलकेच थरथरलं. उमज तिथेही ऐकत असे. त्याच्या पडद्यावर बारीक अक्षरांत आलं: हा शब्द टिकण्याची शक्यता कमी आहे. शलाकाने घड्याळावर तळवा दाबून धरला आणि मामीची शेंगापोळी फार छान झालीय म्हणून सांगितलं. अजून डबा उघडलेलासुद्धा नव्हता.

कुलथ्यांशी बोलणं फोनवर झालं.

"यंत्राने कुणालाही काढलेलं नाही, शलाका. त्याने क्रम लावला. आणि क्रम लावायची पद्धत तुझीच आहे."

"मी त्यांना शब्द दिला होता, सर. नाही म्हणणाऱ्याला शिक्षा नाही."

"शिक्षा कुठे केली आपण? फक्त बोलावलं नाही. मांडणी पुन्हा उलटी करायची तर उमज काही महिने बंद ठेवावी लागेल. तू म्हणतेस तसं करू का? स्पष्ट सांग."

शलाका स्पष्ट काही बोलली नाही. त्याऐवजी तिने स्वतःच्या हमीवर सिद्रामला बसस्थानकावर आठवडाभराच्या चाचणीला घ्यायची परवानगी मागितली. कुलथ्यांनी ती लगेच दिली. "मात्र त्याचा एकही नकार नको," ते हसत म्हणाले.

एवढं करून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण अपराधी माणसाला उपकार करायची फार घाई असते. ती दुपारी, मनगटावरचं घड्याळ घरी काढून ठेवून, सिद्रामच्या घरी गेली. तो बाजेवर पडला होता. त्याच्या टोळीतली पाच पोरं काम नाही म्हणून पुण्याला निघून गेली होती, त्यामुळे एरवीचा आवाज जरा उतरला होता.

"मामा, काम मिळालं. पण एक ऐका. आता 'नाही' म्हणायचं नाही."

सिद्राम उठून बसला. "आँ? तूच तर..."

"तेव्हाचं वेगळं होतं. आणि 'होईल' म्हणताना थांबायचं नाही. डोकं खाजवायचं नाही. विचारलं रे विचारलं, की लगेच."

"का गं?"

"ती ऐकते. तुम्ही थांबलात की तिला कळतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता; एखादा ओळखीचा रस्ता अचानक बंद दिसावा, तसं काहीतरी होतं. मग त्याला सगळं उमगलं असावं, कारण त्याने आपले नकार बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

"म्हंजे ते च्या..." तो म्हणाला.

शलाकाची मान खाली गेली. "मामा, म्हणून दाखवा ना. कॅनपीचं सेंट्रिंग होईल का?"

"...होईल."

"थांबलात. पुन्हा."

"होईल."

"अजून लवकर."

"होईल!" तो जोरात ओरडला, आणि स्वयंपाकघरातून मामीने विचारलं, "काय होईल ओ?"

ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला. "येते, मामा," ती म्हणाली. "बरं, मॅडम," तो म्हणाला. त्याने हा शब्द तिच्यासाठी कधी वापरला नव्हता.

बसस्थानकाची कॅनपी म्हणजे फलाटांवरचं लांबलचक छत. एरवीच्या स्लॅबपेक्षा दुप्पट उंच. इतक्या उंच टेकूंना नुसतं उभं करून भागत नाही. ते आडव्या-तिरक्या पाइपांनी एकमेकांना बांधावे लागतात, आणि प्रत्येक सांध्यावर एक लोखंडी क्लॅम्प आवळावा लागतो. तसं केलं नाही तर वर काँक्रीटचा भार आला की टेकू एका बाजूला कलायला लागतात, आणि एक कलला की सगळे कलतात. वर ओतायला उभ्या असलेल्या माणसांना तेव्हा उतरायला वेळ मिळत नाही.

स्लॅबच्या दिवशी शलाका लवकर आली. उमजच्या कॅमेऱ्यांनी आदल्या दिवशीच सगळे क्लॅम्प मोजून बरोबर म्हणून सांगितलं होतं. तरी ती कॅनपीखाली गेली. ती शेवटी सेंट्रिंगच्या कंत्राटदाराची मुलगी. वडिलांबरोबर फिरताना सांध्याला हात लावून बघायची सवय हाताला लागली होती. तिने एका क्लॅम्पला हात लावला. तो गोल फिरला. दुसऱ्याला लावला, तोही. पुढच्या दोन रांगा तशाच. क्लॅम्प जागच्या जागी होते, पण आवळलेले नव्हते. कॅमेऱ्याला क्लॅम्प दिसतो, त्याची पकड दिसत नाही.

तेवढ्यात बैठकीची घंटा झाली.

ती फळ्यासमोर पोचली तेव्हा सगळे जमले होते. पडद्यावर कुलथे दिसत होते. पहिल्या मोठ्या स्लॅबला ते आवर्जून हजर राहत. सिद्राम पुढेच उभा होता. सांगतील, शलाका मनाशी म्हणाली. आता सांगतील. काही झालं तरी मामा आहेत ते. सिद्धेश्वरा, त्यांना सांगू दे.

"कॅनपीचं सेंट्रिंग तयार? आज ओतता येईल?" साइटच्या अभियंत्याने विचारलं.

"होईल!"

प्रश्न संपायच्या आत शब्द आला. खणखणीत, सरळ, ना श्वास ना रेंगाळणं. फळ्यावरचा दिवा हिरवा झाला. उमजच्या मोकळ्या, शांत आवाजात घोषणा झाली: काँक्रीटच्या गाड्या निघाल्या आहेत. पूर्वी होकारानंतर कुणीतरी फोन करायचं, मग गाड्या निघायच्या. त्या मधल्या वेळात शंभर गोष्टी सावरायच्या. तो वेळ फुकट जातो म्हणून शलाकानेच काढून टाकला होता.

आणि सिद्रामने तिच्याकडे पाहिलं. धडा बरोबर म्हणून दाखवल्यावर पोर मास्तरांकडे बघतं, तसं. हे तिचंच. शब्द त्याचा, पण पढवलेला तिने. आता ती गप्प बसली तर सिद्रामचं नाव यादीत वर जाणार होतं, त्याची पोरं पुण्याहून परत येणार होती, आणि क्लॅम्प कदाचित गाड्या येईपर्यंत आवळूनही झाले असते. कदाचित.

"नाही," शलाका म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"नाही. आज स्लॅब ओतायचा नाही. गाड्या परत फिरव."

दिवा लाल झाला. "नकार नोंदवला," उमज म्हणाली. "कारण सांगा."

"कॅनपीचे क्लॅम्प ढिले आहेत."

"मॅडम, आवळतोय की ओ!" सिद्रामचा चेहरा पार उतरला. "नऊ माणसांत उरकंना. दुपारपतोर आवळतोच."

"कारण कोणाच्या नावाखाली ठेवू?" उमजने विचारलं.

"कामाखाली ठेव."

"तशी जागा नाही. व्यक्तीचं नाव सांगा."

तशी जागा नव्हती, कारण शलाकाने ती काढून टाकली होती. सगळ्यांचे डोळे सिद्रामकडे वळले. तो टोपी हातात चुरगाळत उभा होता.

"बिराजदार," पडद्यावरून कुलथे म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"शलाका देगावकर," शलाका म्हणाली.

"कारण स्पष्ट करा."

"सिद्राम बिराजदारांना काम जड जात होतं. ते त्यांनी सांगितलं असतं. न सांगता लगेच 'होईल' म्हणायला त्यांना मी शिकवलं. कसं म्हणायचं तेही शिकवलं, म्हणजे तुला कळू नये." ती जमलेल्यांकडे वळली. "आणि त्याआधी इथल्या प्रत्येकाला मी शब्द दिला होता, की नाही म्हणणाऱ्याला शिक्षा नाही. मग तुमचे सगळे नकार मी तुमच्या नावांखाली लावून दिले. ज्यांना बोलावणं आलं नाही, त्यांना या यंत्राने नाही गाळलं. मी गाळलं."

प्लंबर तवक्कलच्या जागी आलेला नवा माणूस उगाच पायाने माती उकरत होता.

"नोंद झाली," उमज म्हणाली. "देगावकर यांचा भरवसा कमी झाला आहे. त्यांनी दिलेली हमी आता ग्राह्य नाही."

म्हणजे सिद्रामची चाचणीही तिथेच संपली. शलाकाच्या हे लक्षात यायला एक क्षण लागला. वाचवायला गेली तिथेही तिने त्याला बुडवलंच होतं.

"शलाका," कुलथे अगदी मृदू आवाजात म्हणाले, "भावनेच्या भरात झालं असेल. नोंद दुरुस्त कर. बिराजदारांचं नाव घाल, बाकीचं आपण सांभाळून घेऊ. जमेल ना?"

"नाही, सर."

"काय?"

"नाही. आणि मांडणी पुन्हा कामाखाली लावेपर्यंत उमज बंद ठेवायला हवी. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. जमेल ना म्हणून तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, तेव्हा मी होऊन जाईल म्हटलं."

पडदा काळा झाला. आपल्या नोकरीचं पुढे काय होणार, याची तिला साधारण कल्पना होती, आणि त्या क्षणी त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटत होतं ते एकाच माणसाचं, आणि तो तिथे नव्हता.

सिद्राम कॅनपीखाली गेला होता. आपली नऊ माणसं घेऊन तो पान्याने एकेक क्लॅम्प आवळत होता. काम हातचं गेलं होतं, तरी सैल सांगाडा सोडून तो जाणार नव्हता. शलाका लांबून बघत राहिली. मदतीला जायची तिची हिंमत झाली नाही.

महानंदाबाई रुग्णालयावरून आता या दाराशी गाडी लावत. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी सवयीने पहिला ग्लास भरला आणि आणून शलाकाच्या हातात दिला. ती तो घेऊन कॅनपीखाली गेली.

"मामा, घ्या."

सिद्राम खाली उतरला. घाम पुसला. ग्लासकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही.

"मामा, माझं चुकलं."

"चुकलंच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तिला हवी असलेली माफी कुठेही नव्हती. "पोरास्नी मी काय सांगू? कसं सांगू?"

तिने ग्लास अजून थोडा पुढे केला. सिद्रामने मान हलवली.

"माझा न्हाई तो. तुझा हाय," तो म्हणाला. "तू पी."

तो पुन्हा शिडी चढून गेला. शलाका ग्लास दोन्ही हातांत धरून तिथेच उभी राहिली, आणि मग तिने एक घोट घेतला. इतक्या जणांना इतका चहा पाजला होता तिने. स्वतः तो आज पहिल्यांदाच चाखत होती.